कौल, वासा, कैची

आमच्या चर्चचं छप्पर गळतं ही बातमी नव्हतीच. कुठं कुठं गळतं हे शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. जून ते सप्टेंबर डावीकडच्या तिसऱ्या बाकावर कोणी बसायचं नाही, ऑर्गनवर ताडपत्री टाकलेली असायची आणि पाळकसाहेबांच्या उपदेशाला मागून बादलीतली टपटप साथ द्यायची. नवे पाळक बदलून आले की पहिल्या पावसाळ्यात दचकायचे. दुसऱ्या पावसाळ्यात बादली नेमकी कुठं ठेवायची हे तेच सांगायला लागायचे.

चर्च भायखळ्याकडचं. दगडी भिंती, वर मंगळुरी कौलं, भोवती उंच इमारती. मंडळी छोटी आणि मराठी. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये मिशनचं काम नगरला पोचलं, आणि पुढं त्याच नगर भागातले आमचे आजे-पणजे पोटापाण्यासाठी उलट्या वाटेनं मुंबईत आले. कोणी गिरणीत लागलं, कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात. आता त्यांची नातवंडं-पतवंडं बदलापूर, नालासोपारा, कोपरखैरणे इथं पांगली आहेत. सभासदत्व मात्र इथलंच ठेवलंय. बाप्तिस्मा इथं, लग्न इथं, वर्षाची वर्गणी डिसेंबरात एकदम, आणि एरवी रविवारी उपासनेला पन्नास-साठ डोकी.

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालेली बाई. त्यामुळं दुरुस्ती समिती नेमली तेव्हा खजिनदार कोण यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

समिती नेमावी लागली ती एका लाकडामुळं. गायनवृंदाचा सराव चालू असताना हातभर लांबीचा कुजका तुकडा वरून सुटून मधल्या वाटेवर पडला. कोणाला लागलं नाही. पण सरावाला आलेल्या एका मुलीची आई मागच्या बाकावर बसली होती, आणि रविवारची उपासना सुरू व्हायच्या आत ती गोष्ट बदलापूरपर्यंत जाऊन परत आली होती.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आमच्या इमारतीनं शंभरी कधीच ओलांडली होती, पण ऑडिट शब्द ऐकला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. कारण निकाल ‘सी-वन’ आला तर इमारत धोकादायक, रिकामी करा आणि पाडा. ‘सी-थ्री’ आला तर किरकोळ डागडुजी. आमचा आला मधला, ‘सी-टू-ए’. म्हणजे माणसं बाहेर काढा आणि मोठी दुरुस्ती करा. पाळकसाहेबांनी अहवाल वाचून डोळे मिटले आणि ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणाले. मला वाटतं, ते सी-वन नाही म्हणून म्हणाले.

दुखणं काय आहे हे मला कागदावरून कळलं नाही, शिडीवर चढल्यावर कळलं. एका सभासदाची भाची वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींचंच काम करते. छप्पर पेलायला सागवानी कैच्या, म्हणजे तिकोनी लाकडी सांगाडे आहेत, त्यांचा मधला भाग तिनं हातोडीनं ठोकून दाखवला, ठणठणीत. मग कैचीचं टोक जिथं भिंतीत बसतं तिथं तिनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखा भुसा घेऊन. दोष कौलांचा कमी आणि पन्हाळीचा जास्त, ती म्हणाली. पन्हाळ तुंबली, पाणी उलटं भिंतीत शिरलं, आणि वर्षानुवर्षं तिथंच मुरत राहिलं. आम्ही मधली गळती बघत बादल्या लावत होतो, खरं कुजत होतं ते कडेला.

भिंतींची कथा वेगळी. आधीच्या एका दुरुस्तीत ठेकेदारानं दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांधे, खरवडून सिमेंट भरलं होतं आणि आतून सिमेंटचा गिलावा चढवला होता. दिसायला चकाचक. पण दगडी भिंतीत ओल शिरतेच, चुना असेल तर ती हळूहळू बाहेर पडून वाळते, सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं. म्हणून भिंतीला लोणा, म्हणजे पांढरा खार, लागलेला. दर नाताळाला आम्ही रंग काढायचो आणि दर पावसाळ्यानंतर त्या रंगाचे पापुद्रे झाडून काढायचो.

वार्षिक सभा म्हणाल तर गाजली. एका काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, “म्हाडाचं दुरुस्ती मंडळ कशाला आहे मग?” ते मंडळ उपकर भरणाऱ्या जुन्या राहत्या इमारतींसाठी आहे, चर्चला त्याचा उपयोग नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. मग पर्याय आले. कौलं काढून रंगीत पत्रे टाकायचे, खर्च जवळजवळ निम्मा. स्लॅब टाकायचा, म्हणजे एकदाची कटकट मिटली. भाचीबाईंनी सांगितलं की या भिंती कौलांचं वजन पेलायला बांधल्या आहेत, त्यांच्यावर स्लॅब टाकायचा तर आतून नवे खांब उभे करावे लागतील, आणि मग चर्च राहील ते फक्त नावाला. पत्र्यांची बाजू मात्र तिला सहज खोडता आली नाही. पत्रा हलका, स्वस्त, लवकर होणारा. “पावसात पाळकसाहेबांचा एक शब्द ऐकू येणार नाही,” असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. त्यावर “मग तर पत्रेच टाका” असंही कोणीतरी म्हणालं. पाळकसाहेबही हसले.

तिसरा पर्याय तरुण संघाच्या एका मुलानं मांडला, आणि तो मांडायला हिंमत लागते. बिल्डरला जागा द्यावी, त्यानं वर टॉवर बांधावा, खाली आम्हाला नवं कोरं चर्च, लिफ्ट, पार्किंग. लोक हसले नाहीत, चिडले. मला तो मुलगा चुकीचा वाटला नाही. त्याची आजी गुडघ्यांमुळं आमच्या पायऱ्या चढू शकत नाही आणि म्हणून ती रविवारी घरी असते, हे मला माहीत होतं. पण जागा ट्रस्टची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. त्या रस्त्यानं गेलं तर छप्पर आधी पडेल आणि मंजुरी मागून येईल, असं मी म्हटलं. मतदान झालं. कौलं जिंकली, थोडक्यात. पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा हेही त्याच ठरावात घातलं. तो मुद्दा त्या मुलाचा होता.

ठराव झाला. पैसे नव्हते.

बँकेत जे होतं त्यात कैच्यांची टोकंसुद्धा झाली नसती. लोकांनी दोन सोपे उपाय सुचवले, आणि दोन्ही सोपे नव्हते. पहिला, आयकरात सवलत मिळते ती ‘८०जी’ची पावती द्या, लोक भराभर देतील. पण धार्मिक ट्रस्टच्या देणगीवर ती सवलत सहसा नसते. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या दुरुस्तीसाठी कायद्यात सोय आहे, ती केंद्र सरकारनं राजपत्रात ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलादृष्ट्या महत्त्वाचं, नाहीतर राज्यभर ख्यातनाम म्हणून जाहीर केलेल्या स्थळांपुरती. आमचं चर्च आम्हालाच ख्यातनाम.

दुसरा उपाय, परदेशातल्यांना मागा. आमच्या मंडळीची एक परिचारिका लंडनला आहे, कोणाचा मुलगा टोरांटोला, कोणाचा जावई मेलबर्नला. सगळे हळवे, सगळे द्यायला तयार. पण परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायचे तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आमच्याकडे ती नोंदणी नाही. माणूस परदेशात राहतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याच्या स्वतःच्या कमाईतले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे मूळ भारतीय पण आता परदेशी पासपोर्ट असलेल्याला, मात्र परदेशीच धरतात. त्यामुळं मी फोनवर ‘जय ख्रिस्त, कसे आहात’ झालं की पुढचा प्रश्न पासपोर्टचा विचारायचे. एका गृहस्थांना वाईट वाटलं. जन्म भायखळ्याचा, बाप्तिस्मा याच चर्चमधला, आणि मी त्यांना परदेशी म्हणत होते. ते म्हणाले, भावाच्या नावावर पाठवतो, तो तुम्हाला देईल. मी नको म्हटलं. माझी बँकेतली सगळी वर्षं अशा ‘भावाच्या नावावर’च्या भानगडी निस्तरण्यात गेली आहेत.

मग उपवासकाळात पाळकसाहेबांनी वेदीवरून आवाहन केलं. चांगलं केलं. योआश राजाची गोष्ट घेतली, राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय. मंदिराच्या दुरुस्तीसाठी याजकांनी पैसे गोळा केले, पण राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नाही, तेव्हा यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. आम्हीही पेटी ठेवली, भोक पाडून. तिच्यात महिनाभरात जे जमलं ते बघून समितीतल्या कोणीच काही बोललं नाही. त्याच अध्यायात पुढं एक वाक्य आहे, की कारागिरांच्या हाती पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीनं वागत. ते वाक्य पाळकसाहेबांनी मोठ्यानं वाचलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, हे वगळलं असतं तर बरं झालं असतं.

मी घरोघर जायला लागले. रविवारी उपासनेनंतर, कधी महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना घेऊन, कधी एकटी. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की कल्याणपुढचा बेत रद्द, मग पश्चिमेकडं. सोबत एक कापडी पिशवी, आणि पिशवीत वरून पडलेला तो लाकडाचा तुकडा. हा माझा बेत नव्हता. पहिल्यांदा तो पिशवीत राहून गेला होता, पण त्याचं काम बघून मी तो कायमचा सोबत ठेवला. चहा येईपर्यंत मी इमारतीबद्दल काहीबाही सांगायचे आणि लोक मान डोलवायचे. तुकडा काढून टीपॉयवर ठेवला की घरातली सगळी माणसं बाहेरच्या खोलीत यायची. कोणी नखानं टोकरून बघायचं, कोणी वास घ्यायचं. “हे आमच्या डोक्यावर होतं?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आला.

बदलापूरच्या आत्यांकडे मात्र वेगळंच झालं. आत्या म्हणजे सगळ्या मंडळीच्या आत्या. नव्वदीला टेकलेल्या, बोलणं अजून नगरचं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला आणि खाली ठेवला.

“लाकूड बघितलं गं बाई. आता मला आसं सांग, मागल्या खेपेला पैसं दिलं व्हतं आम्ही. त्याचं काय झालं?”

“मागच्या म्हणजे कधीच्या, आत्या?”

“भिंतीला शिमिट केलं तवाचं. ह्यांचा बोनस दिला व्हता सगळा. कुणी येऊन सांगितलं न्हाई, किती जमलं, किती गेलं. तू आधी त्ये सांग, मग म्या सांगते किती द्यायचं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी तेव्हा समितीत नव्हते, आणि जे होते त्यातले बरेचसे आता शिवडीच्या दफनभूमीत आहेत. पुढचा आठवडाभर मी पाळकबंगल्यातलं जुनं कपाट उपसत बसले. वाळवीनं कडा खाल्लेली एक रोजकीर्द सापडली, तिच्यात पावत्या टाचलेल्या. पैसे खाल्ले गेले नव्हते. एकूण एक पैसा त्या सिमेंटवर गेला होता, ज्या सिमेंटनं आज भिंती कुजवल्या. मी तो हिशेब एका पानावर स्वच्छ लिहून काढला, नावांसकट नाही पण रकमांसकट, आणि चर्चच्या दारातल्या फळ्यावर लावला. शेजारी कोरं पान लावलं: ‘या खेपेचा हिशेब’. दर रविवारी सूचना देताना मी त्यातली जमा आणि खर्च दोन्ही वाचून दाखवायला सुरुवात केली, एका कुलपाचे एकशेऐंशी रुपयेसुद्धा. तरुण संघातली पोरं गालात हसायची. हसू देत. त्यानंतरच्या महिन्यात पेटीत जे पडलं ते आधीच्या सगळ्या महिन्यांहून जास्त होतं. लोकांची द्यायची इच्छा नव्हती असं मला कधीच वाटलं नाही. त्यांनी कधीतरी काहीतरी विचारलं होतं आणि कोणी उत्तर दिलं नव्हतं, एवढंच.

आत्यांनी फोनवर हिशेब ऐकला. “म्हंजे चोरी न्हाई, येडेपणा,” त्या म्हणाल्या, आणि एका कैचीच्या टोकाचे पैसे नातवाबरोबर पाठवले.

हे ‘टोकाचे पैसे’ म्हणजे आमच्या कार्डांची भाषा. महिला मंडळानं छापून घेतलेली साधी कार्डं: एक कौल बसवून १०० रुपये, एक वासा ४,००० रुपये, कैचीचं एक टोक ३५,००० रुपये. ‘इमारत निधीला सढळ हस्ते मदत करा’ म्हटलं की माणूस पाचशेची नोट काढतो आणि मोकळा होतो. ‘वासा’ म्हटलं की तो वर बघतो, कुठला वासा म्हणतो, चार भावंडांत वाटून घेऊ का म्हणतो. एका निवृत्त शिक्षिकेनं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच कौलं अशी वर्षभर घेतली.

नावांवरून मात्र समितीत जुंपली. एक गट म्हणे, देणाऱ्यांची नावं आणि रकमा फळ्यावर लावा, चढाओढ लागेल. दुसरा म्हणे, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं प्रभूनंच सांगितलंय. पहिल्या गटानं नहेम्याचं पुस्तक काढलं. तिसरा अध्याय अख्खा नावांचा आहे, यरुशलेमच्या तटाचा कुठला भाग कोणी दुरुस्त केला याची यादीच. शल्लूमनं आपल्या मुलींना घेऊन काम केलं हेसुद्धा लिहून ठेवलंय. त्यावर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “पाचवं वचनही वाचा ना. तकोवाच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही, हेही लिहिलंय. ती यादी लावायची का आपण?” खोलीत शांतता. शेवटी ठरलं की नावं वर्णानुक्रमे लावायची, रकमा नाही. खर्चाच्या रकमा मात्र पै न पै. एका सद्गृहस्थांनी आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीत बसवून देणार असाल तर मोठी रक्कम देतो असं कळवलं. समितीनं नाही म्हटलं. माझं मत हो होतं, हे मी लपवत नाही. पाटीनं छप्पर काही वाकडं झालं नसतं.

नालासोपाऱ्याच्या एका घरात आम्हाला चहा मिळाला आणि पैसे मिळाले नाहीत. जुनी दुखापत होती, एका लग्नाच्या परवानगीवरून. तिची हकिगत त्यांनी सविस्तर सांगितली, आम्ही ऐकून घेतली. उठताना थोरला मुलगा म्हणाला, “काकू, पैसे देणार नाही. परांची देतो.” बांधकामाभोवती चढून काम करायला उभारतात त्या परांच्यांचा त्याचा धंदा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाजारभावानं त्या परांचीचं भाडं काढलं तेव्हा कळलं की घरोघरच्या फेऱ्यांतली सगळ्यात मोठी देणगी त्याचीच होती. तो स्वतः मात्र अजून उपासनेला येत नाही.

नोव्हेंबरात हंगामाचा सण आला. ज्यांनी त्यातला लिलाव बघितला नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. उपासनेत लोक आपापल्या परीनं पीक आणून वेदीपुढं ठेवतात, मग त्याचा लिलाव होतो. आता पीक म्हणजे काय, मुंबईचं पीक: बाजारातून आणलेला लालभोपळा, घरचा केक, लिंबाचं लोणचं, अंड्यांचा ट्रे. नगरहून येणाऱ्या एकानं ज्वारीची कणसं आणि एक जिवंत कोंबडी आणली. लिलाव पुकारायला आमचे बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर भाऊ. त्यांचा आवाज अजून डबल डेकरच्या वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. “चला पुढं सरका, पुढं जागा रिकामी आहे, भोपळा तीनशे, तीनशे एक वार!”

एक लिंबू होतं. साधं, पिवळं. ते पन्नासला गेलं. घेणाऱ्यानं परत अर्पण केलं. पुन्हा पुकारलं, दोनशेला गेलं, पुन्हा परत आलं. मग दोन साडू हट्टाला पेटले. एक डोंबिवलीचा, एक मीरा रोडचा, आणि त्यांच्यात कुठल्या तरी जुन्या गोष्टीवरून बोलणं नव्हतं. लिंबू अकराशेवर पोचलं तेव्हा दोघांच्या बायका उठून आपापल्या नवऱ्याच्या शर्टाला हात घालून बसल्या होत्या. पंधराशेला डोंबिवलीनं घेतलं आणि त्या साडूनं ते लिंबू मीरा रोडच्या हातात दिलं. म्हणाला, “सरबत कर.” कोंबडी ज्या बाईंनी घेतली त्यांच्या सोसायटीत कोंबडी चालत नाही, म्हणून ती आमच्या रखवालदाराकडे गेली आणि पुढं बरेच महिने आवारात अंडी घालत होती. त्या अंड्यांचेही पैसे फळ्यावर लिहिले जायचे. नाताळात गायनवृंद घरोघर गाणी गात फिरला, ती पेटीही यंदा छपराची.

काम नाताळ झाल्यावर सुरू झालं. उपासना आवारात मंडपाखाली. वेळ ठरलेली होती, मेच्या अखेरीला वर कौलं हवीत, जूनचा पाऊस कोणाचा ठराव बघत नाही. कारागीर कोकणातले, घरं शाकारणारे. अशी माणसं आता मिळणं कठीण, पोरं त्या कामाकडं वळत नाहीत. मुख्य मिस्त्री उतरवलेलं प्रत्येक कौल डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी वाजवायचा. खणखणीत आवाज आला तर एका बाजूला, भद्द आवाज आला तर दुसऱ्या बाजूला. दिसायला दोन्ही सारखी. एक कौल अडीच किलोच्या आसपास, आणि शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, म्हणजे त्या कैच्यांनी इतकी वर्षं काय तोललं होतं याचा हिशेब मला तेव्हा लागला. धूळ पुसल्यावर पुष्कळ कौलांच्या पोटावर बासेल मिशनचा छाप निघाला. या मिशननं १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात तो त्यांच्या हातून गेला. म्हणजे आमच्या डोक्यावरची ही कौलं त्याच्याही आधीची. निम्म्याहून जास्त खणखणीत वाजली. त्यांचे पैसे वाचले ते कैच्यांत गेले.

आणि कैच्यांनी अजून मागितले. उघडल्यावर अहवालात नसलेली दोन टोकंही गेलेली निघाली. नवं सागवान परवडेना, तेव्हा रे रोडच्या वखारीतून जुनं घेतलं. पाडलेल्या चाळींचं जुनं ब्रह्मी सागवान तिथं मिळतं, खिळ्यांची भोकं असलेलं पण लोखंडासारखं. “आमच्याच चाळीचं असेल, बघा कुठं माझं नाव कोरलंय का,” एक काका म्हणाले. कुजलेलं टोक तेवढं कापून तिथं नवा तुकडा सांधायचा, बोल्टांनी आवळायचा, आणि या वेळी भिंतीत थोडी मोकळी जागा सोडायची, लाकडाला वारा लागेल अशी. वाढीव खर्चाचा आकडा मी रविवारी तसाच वाचला. कोणी कुरकुर केली नाही. दोन कुटुंबांनी जागेवर उठून एकेक टोक घेतलं.

चुन्याचं काम बघायला महिला मंडळ आवर्जून यायचं. भिजवून विरवलेल्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात म्हटल्यावर गूळ कुठला घ्यायचा यावर त्यांची आपसात चर्चा. मिस्त्री गप्प ऐकून घ्यायचा आणि आपला गूळ घालायचा. सिमेंट खरवडून काढताना दगडाला धक्का लागू नये म्हणून सगळं हातछिन्नीनं, त्यामुळं ते फार सावकाश. पूर्वेची भिंत झाली, उत्तरेची झाली, तोवर पैसेही संपले आणि मेही. कौलं वर चढवायच्या शनिवारी तरुण संघानं रांग लावली, हातोहात कौलं परांचीपर्यंत. बिल्डरवाला मुलगा रांगेत पहिला होता.

पहिला मोठा पाऊस रात्री झाला. सकाळी पाळकीणबाईंचा फोन, “बादली कोरडी आहे, पण घंटेच्या कोपऱ्यात थोडं ओलं दिसतंय.” मिस्त्रीनं येऊन बघितलं, आढ्यावरचं एक कोनाचं कौल सरकलं होतं, बसवून गेला. ठेकेदाराच्या बिलातले पाच टक्के आम्ही पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवले होते, त्यामुळं फोन केल्या दिवशीच माणूस आला हेही सांगायला हवं.

पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत अजून सिमेंटातच आहे. तिथला लोणा या वर्षीही वर आला, रंग लावलेला नाही, मुद्दामच. नवी कार्डं छापायला टाकली आहेत: एक चौरस फूट दर्जा, एक घमेलं चुना. आत्यांनी विचारलंय, घमेल्याचा भाव इतका कसा, गूळ एवढा महागला का? पुढच्या रविवारी बदलापूरला जायचं आहे, मेगाब्लॉक नसला तर.